पांढऱ्याच्या पंचेचाळीस पायऱ्या

दसरा उलटला की यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीला येतो आणि कॅमेऱ्यापुढे एक अवघड फ्रेम उभी राहते. खाली काळी जमीन, मध्ये उन्हाने रापलेला चेहरा, कमरेच्या ओटीत पांढराफेक कापूस आणि वर फिकट आभाळ. चेहरा नीट दाखवायला जावं तर कापसाचा नुसता पांढरा गोळा होतो, आणि कापसाचे तंतू जपावे तर चेहरा काळवंडतो. लग्नसराईत हाच पेच वेगळ्या रंगात येतो. एप्रिल-मेच्या दुपारी लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवातून गाळून आलेलं ऊन हळद लागलेल्या अंगावर पडतं, आणि रात्री स्टेजवरच्या जांभळ्या-निळ्या एलईडी त्याच चेहऱ्याला भलतंच करून टाकतात. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडच्या तांड्यांवर बंजारा बायकांच्या फेटिया-कांचळीवरचे आरसे गर्द लाल कापडात लखलखतात. यवतमाळचा दुर्गोत्सव तर रोषणाईसाठीच ओळखला जातो. ऊन कडक, रंग गडद आणि दोन्ही एकाच फ्रेममध्ये, अशा ठिकाणी काम करणारा तालुक्याचा स्टुडिओवाला पुष्कळदा एकटाच फोटो काढतो, शूटिंग करतो आणि रात्री मिक्सिंगलाही बसतो. लाखाच्या आतबाहेर पैसे हातात असताना त्याने कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. दुकानात त्याला मेगापिक्सेल, फुल फ्रेम, फोर-के, स्लो मोशन अशी सगळी आमिषं एकदमच दाखवली जातात, म्हणून तो अवघड होतो. माझं म्हणणं असं की या किमतीत निवड एकाच गोष्टीवर व्हायला हवी: कॅमेरा दहा बिटांत व्हिडिओ नोंदवतो की आठ. बाकीच्या बहुतेक गोष्टींवर पाणी सोडलं तरी चालतं, काहींवर तर सोडलेलंच बरं.

आधी फोटोचा निकाल लावू, कारण तो लवकर लागतो. रॉ फोटोत आजचे बहुतेक मिररलेस कॅमेरे चौदा बिटांची नोंद ठेवतात, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या. उन्हातला कापूस किंवा सावलीतला चेहरा नंतर सावरायला एवढी माहिती पुष्कळ झाली, आणि ती स्वस्त कॅमेऱ्यातही मिळते. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. बारा बाय छत्तीसच्या अल्बमची जोडपानं भरताना त्यावर चार-पाच फोटो बसतात, तेव्हा कमी पडायचा प्रश्नच नाही. टिपेश्वरला वाघासाठी जाणाऱ्याची अडचणही मेगापिक्सेलची नसून लांब पल्ल्याच्या लेन्सची असते. तिथे लहान सेन्सरचा फायदाच होतो, कारण एपीएस-सी कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स ६०० सारखी फ्रेम देते. फोटोच्या बाजूने पाहण्यासारख्या गोष्टी दोनच. एक, मेकॅनिकल शटर आहे का. सोनीच्या झेडव्ही-ई१० मार्क टू आणि पॅनासोनिकच्या एस९ मध्ये ते नाही. अशा कॅमेऱ्यावर वेगाने हलणारी वस्तू तिरकी येऊ शकते आणि फ्लॅशवर काम करणाऱ्याची पंचाईत होते. दुसरी, व्ह्यूफाइंडर आहे का. विदर्भातल्या दुपारी मागच्या स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं. तिथे डोळा लावून पाहायला खिडकी नसेल तर एक्स्पोजर अंदाजपंचे ठेवावं लागतं.

आता व्हिडिओ. आठ बिट म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, दहा बिट म्हणजे १०२४. एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण या आकड्यांचा कापसाशी काय संबंध ते सहसा कुणी मांडून दाखवत नाही. कडक उन्हातलं जास्तीत जास्त फाइलमध्ये मावावं म्हणून कॅमेऱ्यात लॉग नावाचं प्रोफाइल असतं. त्यात चित्र फिकट, धुरकट दिसतं, आणि नंतर ग्रेडिंग करून त्यातून रंग बाहेर काढायचा असतो. सोनीच्या एस-लॉग३ चे आकडे कंपनीनेच प्रसिद्ध केलेले आहेत: दहा बिटांच्या मोजणीत १८ टक्के परावर्तनाचा मध्यम राखाडी ४२० वर बसतो आणि ९० टक्क्यांचा पांढरा ५९८ वर. मध्यम राखाडीपासून पांढऱ्यापर्यंत १७८ पायऱ्या झाल्या. सरकीवरच्या कापसाची घडी, धोतराच्या चुण्या, पांढऱ्या टोपीची शिवण, गव्हाळ गालावरचा उजेड, सगळं या पट्ट्यात मावतं. तेच एस-लॉग३ आठ बिटांत नोंदवलं की प्रत्येक आकड्याला चारने भागायचं. उरतात पंचेचाळीसच्या आसपास. याउलट एचडीचं नेहमीचं प्रमाण असलेल्या रेक. ७०९ च्या सूत्राने आठ बिटांतही त्याच पट्ट्याला ११८ च्या आसपास पायऱ्या मिळतात. म्हणजे आठ बिटांच्या कॅमेऱ्यात लॉग लावणारा माणूस हातातल्या ११८ सोडून ४५ पत्करतो, आणि मिक्सिंगच्या टेबलावर त्या ४५ ताणून पुन्हा ११८ करायला बसतो. मधल्या पायऱ्या कुठून येणार? आभाळात पट्टे पडतात, गालावर डाग उमटतात आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं.

या हिशेबातून खरेदीचा पहिला नियम आपसूक निघतो. आठ बिटांचा कॅमेरा घ्यायचाच असेल तर लॉगचं नाव काढू नये, साध्या प्रोफाइलमध्ये नीट एक्स्पोजर आणि नीट व्हाइट बॅलन्स लावून शूट करावं. आणि ग्रेडिंग करायचं असेल तर आठ बिटांचा कॅमेरा घेऊच नये. सोनीचा २०२१ चा झेडव्ही-ई१० हे याचं ठळक उदाहरण. त्याच्या मेनूत एस-लॉग३ आहे, पण फाइल आठ बिटांची. मेनूत नाव दिसतं म्हणून तो सिनेमॅटिक कामासाठी घेणारा फसतो. खरं तर कॅमेरा वाईट नाही. बातम्यांच्या यूट्यूब चॅनेलला, सभेच्या चित्रीकरणाला तो उत्तम आहे, कारण तिथे ग्रेडिंगला वेळच नसतो.

मांडवाच्या कापडाकडे थोडं जवळून पाहू. लाल-पिवळं कापड उजेडातला निळा भाग गिळून टाकतं. खाली बसलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर लाल आणि हिरव्याची भरपूर नोंद होते, निळ्याची मात्र अगदी थोडी. त्वचा पुन्हा त्वचेसारखी दिसावी म्हणून मिक्सिंगमध्ये निळा वर ओढावा लागतो. आठ बिटांच्या फाइलमध्ये निळ्याच्या मोजक्याच पायऱ्या शिल्लक असतात, त्या ओढल्या की दाणे आणि पट्टे दोन्ही वर येतात. दहा बिटांत त्याच जागेला चौपट पायऱ्या असतात, म्हणून ओढायला वाव राहतो. स्टेजवरच्या निळ्या एलईडीचं दुखणं मात्र वेगळं आहे. तिथे निळा रंग कमाल मर्यादेला जाऊन कापला जातो, आणि एकदा कापलेलं दहा काय, बारा बिटांतही परत येत नाही. त्यावर उपाय एकच, शूट करतानाच एक्स्पोजर खाली ठेवणं. दहा बिटांना जादू समजणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: गिऱ्हाईक शेवटी मोबाइलवर पाहणार, व्हॉट्सॲपवर पाठवणार, तिथे सगळं आठच बिटांचं आणि वर दाबून बारीक केलेलं, मग दहाचा अट्टहास कशाला? दिसायला बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद एका ठिकाणी चुकतो. अंतिम फाइल आठ बिटांची असायला काहीच हरकत नाही, टीव्हीवर वर्षानुवर्षं तेच चाललं आहे. प्रश्न आहे तो रंग ओढण्याआधी हातात किती होतं याचा. दहातून ओढून आठवर आणलेलं चित्र सलग असतं, आठातून ओढून आठवरच ठेवलेलं फाटलेलं असतं. आणि व्हॉट्सॲपच्या दाबणीत आधीच पट्टे पडलेलं आभाळ आणखी बिघडतं, सुधारत नाही. चित्रपटाच्या इतिहासात याचं एक मराठी उदाहरण आहे. प्रभातने १९३३ च्या ‘सैरंध्री’साठी रंगीत चित्रपटाचं धाडस केलं, प्रक्रियेसाठी फिल्म जर्मनीला नेली आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. व्ही. शांतारामांसारखा दिग्दर्शक असूनही रंगाचा निकाल सेटवर लागला नाही, प्रयोगशाळेत लागला. आज ती प्रयोगशाळा स्टुडिओवाल्याच्या स्वतःच्या टेबलावर आली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फुजीच्या फिल्म सिम्युलेशनचे किंवा कॅननचे त्वचेचे रंग सरळ कॅमेऱ्यातूनच चांगले येतात, मग ग्रेडिंग हवंच कशाला? हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. सहा तासांचा पूर्ण विधी लॉगमध्ये शूट करून प्रत्येक शॉटचा रंग काढत बसणं तालुक्याच्या दरात परवडत नाही. ‘ट्रॅडिशनल’ भाग साध्या प्रोफाइलमध्ये आणि टीझर, हायलाइट, प्री-वेडिंग तेवढं लॉगमध्ये, ही वाटणी शहाणपणाची आहे. पण कॅमेऱ्यातला तयार रंग एकाच कॅमेऱ्यापुरता आणि एकाच उजेडापुरता चालतो. लग्नात दुसरा कॅमेरा असतो, ड्रोन असतो, कधी भाड्याने बोलावलेला पोरगा वेगळ्याच कंपनीचा कॅमेरा घेऊन येतो. एकात शालू मरून, दुसऱ्यात राणी कलरचा. हे जुळवणं म्हणजेच आपल्याकडचं खरं ग्रेडिंग, सिनेमासारखा निळा-नारिंगी रंग चढवणं ही चैन झाली. आणि जुळवायला पुन्हा त्याच पायऱ्या लागतात.

एवढं पटलं की दुकानदार पुढची पायरी चढवतो: दहा बिट घेताय तर ४:२:२ च घ्या. इथे मात्र मी थांबायला सांगेन. व्हिडिओत प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाची वेगळी नोंद होते, रंगाची नोंद मात्र वाटून घेतलेली असते. ४:२:२ मध्ये दोन ठिपक्यांना मिळून रंगाची एक नोंद, ४:२:० मध्ये चार ठिपक्यांना एक. कांचळीच्या लाल कापडावर आरशाची कड ४:२:० मध्ये किंचित पसरते, हे खरं. पण फोर-के ची फाइल ३८४० बाय २१६० ची असते, आणि ४:२:० मध्ये तिच्या रंगाची नोंद १९२० बाय १०८० ठिपक्यांची होते. म्हणजे बरोबर फुल एचडी. लग्नाची फिल्म फुल एचडीत द्यायची असेल तर फोर-के खाली आणताना प्रत्येक ठिपक्याला त्याचा स्वतःचा रंग मिळतो, ४:२:२ ने त्यात काही भर पडत नाही. उलट संगणकाला घाम फुटतो. एच.२६५ मधली दहा बिटांची ४:२:० फाइल इंटेलची २०१७ पासूनची सातव्या पिढीची चिप किंवा एनव्हिडियाचं १०-मालिकेचं जुनं कार्डही सहज उलगडतं. ४:२:२ साठी मात्र इंटेलची अकरावी पिढी, ॲपलच्या एम मालिकेची चिप, नाहीतर एनव्हिडियाची २०२५ मध्ये आलेली ५० मालिका लागते. त्याआधीची एनव्हिडिया कार्डं, कितीही महाग असोत, ते काम करत नाहीत. एडियस किंवा प्रीमिअर चालवणाऱ्या जुन्या मशीनवर नवा कॅमेरा आणला आणि टाइमलाइन अडखळू लागली, की कारण बहुधा हेच असतं. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती ग्रेडिंगला भरपूर आहे, पण विंडोजवर ती या फाइलींना कुरकुरते. पूर्ण आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच घ्यावी लागते. म्हणून कॅमेरा ठरवण्याआधी त्या कॅमेऱ्याची नमुना फाइल मिळवून आपल्याच मशीनवर चालवून पाहावी. जागेचाही हिशेब करावा. सोनीची १४० मेगाबिटची दहा-बिट फाइल तासाला ६३ जीबी खाते. दोन कॅमेरे सहा तास चालले तर एका लग्नाचे साडेसातशे जीबी होतात.

मग कॅमेरा कोणता? नव्यात, या किमतीच्या पट्ट्यात, माझा कौल निकॉन झेड५०-टू ला आहे. २०२४ च्या अखेरीस आलेल्या या कॅमेऱ्यात दहा बिटांचं एन-लॉग आहे, तेही ४:२:० मध्ये, म्हणजे कागदावर उणा आणि आपल्या मशीनवर सोयीचा. व्ह्यूफाइंडर आहे, मेकॅनिकल शटर आहे, छोटा फ्लॅशही आहे. २०२४ मध्ये निकॉनने सिनेमा कॅमेरे बनवणारी रेड कंपनी विकत घेतली, त्यानंतर एन-लॉगसाठी रेडने बनवलेले लट, म्हणजे लॉगवर चढवायचे तयार रंग-तक्ते, फुकट मिळू लागले. नवशिक्याला सुरुवात करायला तेवढा आधार पुरतो. उणिवाही सरळ सांगायला हव्यात. सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही, कार्डाची खाच एकच, आणि सेकंदाला साठ फ्रेम घेताना फोर-के ची फ्रेम आवळते. फुजीचा एक्स-एम५, कॅननचा आर५०-व्ही आणि सोनीचा झेडव्ही-ई१० मार्क टू हे तिघेही दहा बिटांत ४:२:२ देतात. तिघांनाही व्ह्यूफाइंडर नाही. फक्त व्हिडिओ करणाऱ्याला त्यातला कुठलाही चालेल, पण फोटोही त्याच कॅमेऱ्यावर काढणाऱ्याला यवतमाळच्या उन्हात ती खिडकी रोज आठवेल. पैशाच्या अंगाने पाहायचं तर २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. ऐंशी हजारांचा कॅमेरा म्हणजे दहा क्विंटल कापूस. १ जानेवारी २०१९ पासून कॅमेऱ्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. स्टुडिओची नोंदणी असेल तर पक्क्या बिलावर तो वळताही करून घेता येतो, म्हणून बिलाशिवायचा ‘स्वस्त’ माल वाटतो तेवढा स्वस्त पडत नाही. शिवाय दुरुस्तीसाठी पुष्कळदा दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं, तिथे वॉरंटीचा कागद उपयोगी पडतो.

फुल फ्रेमवाल्यांना उत्तर इतिहासानेच दिलेलं आहे. पॅनासोनिकचा जीएच५ हा छोट्या सेन्सरचा कॅमेरा २०१७ मध्ये फोर-के दहा बिट ४:२:२ आतल्या आत नोंदवत होता. सोनीचा फुल फ्रेम ए७ थ्री त्यानंतर २०१८ मध्ये आला, तो आठ बिटांचा. सेन्सरच्या आकाराचा रंगाच्या पायऱ्यांशी काही संबंध नाही. मोठ्या सेन्सरचा फायदा कमी उजेडात होतो, साधारण एका स्टॉपएवढा. तेवढा फरक एफ/१.८ ची स्वस्त प्राइम लेन्स किंवा हातातला एक बरा एलईडी भरून काढतो. मोबाइलवरच भागतं, हा मोबाइलवाल्यांचा दावाही माझ्याच बाजूने साक्ष देतो. आयफोन १५ प्रोने २०२३ मध्ये दहा बिटांचं लॉग आणलं ते उगीच नव्हे, फक्त त्या फोनची किंमत लाखाच्या वर होती आणि वरातीच्या अंधारात त्याचा इवलासा सेन्सर उघडा पडतो.

वाचलेले पैसे कुठे घालावेत याबद्दल माझं मत ठाम आहे: आधी मॉनिटर. स्वस्त लॅपटॉपचा पडदा पुष्कळदा ‘४५ टक्के एनटीएससी’ म्हणून विकला जातो, म्हणजे साध्या एसआरजीबी रंगांपैकी जेमतेम दोन तृतीयांशही तो दाखवत नाही. शालूचा लाल जो पडदा दाखवूच शकत नाही, त्यावर बसून तो लाल ठरवणार कसा? शंभर टक्के एसआरजीबीचा साधा आयपीएस मॉनिटर हा कॅमेऱ्याइतकाच रंगाचा भाग आहे. त्यानंतर एनडी फिल्टर. लॉगमध्ये आयएसओ बहुतेकदा ८०० च्या आसपास अडकतो. भर दुपारी आयएसओ ८०० ला एफ/१६ आणि १/८०० सेकंद हे योग्य एक्स्पोजर. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओसाठी शटर १/५० वर आणलं आणि लेन्स एफ/४ वर उघडली की उजेड २५६ पट जास्त होतो. तो अडवायला फिल्टर लागतो, आणि अगदी स्वस्त व्हेरिएबल एनडी स्वतःचा पिवळट-हिरवट रंग चढवतो, जो पुन्हा ग्रेडिंगमध्ये काढत बसावा लागतो. १/५० चं शटर सोडूही नये, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या शटरवर हॉलमधले दिवे लुकलुकतात.

उन्हाळ्याचं काय, या प्रश्नाला मात्र कुठल्याच कंपनीकडे समाधानकारक उत्तर नाही. या वर्गातल्या जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस लिहिलेली असते. मे महिन्यात यवतमाळचा पारा सावलीतच ती ओलांडतो. फोर-के साठ फ्रेमचं सततचं रेकॉर्डिंग कॅमेरा सगळ्यात आधी तापवतं, म्हणून स्लो मोशन हवं तेवढ्यापुरतंच लावावं, स्क्रीन बॉडीपासून बाहेर ओढून ठेवावी आणि कॅमेरा मांडवाच्या सावलीत राहू द्यावा. छोट्या बॉडीला उष्णता बाहेर टाकायला जागा कमी, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असावं.

जुन्या बाजाराचा मार्ग अजून उरतो, आणि लग्नाचं काम मुख्य असणाऱ्याला तोच बरा पडू शकतो. पॅनासोनिकचा २०२० चा लुमिक्स एस५ आज वापरलेला मिळतो. त्यात दहा बिटांचं व्ही-लॉग, स्थिर सेन्सर, व्ह्यूफाइंडर आणि कार्डाच्या दोन खाचा असं सगळं आहे. उणीव ऑटोफोकसची. नवरानवरी सप्तपदी चालताना फोकस मागेपुढे चाचपडतो, ही तक्रार कंपनीने २०२३ च्या एस५-टू मध्ये फेज डिटेक्शन आणून दूर केली. वापरलेला कॅमेरा घेताना लेन्स माऊंटच्या कडा, एचडीएमआयचं भोक आणि सेन्सरवरची धूळ पाहावी. दोन्ही खाचांत कार्ड घालून अर्धा तास सलग फोर-के दहा-बिट रेकॉर्डिंग करून पाहावं, आणि मूळ बिल मागावं. मुहूर्त दुसऱ्यांदा लागत नाही, तेव्हा एकाच कार्डाची जोखीम ज्याला नको असेल त्याने हा जुना एस५ घ्यावा आणि सप्तपदीपुरता फोकस हाताने फिरवण्याची सवय करावी.